कंपनी कशी आहे, हे कसं ओळखायचं? खारबावच्या मुलांसोबत केलेला एक प्रकल्प



दहावी-बारावीचे निकाल लागले की शाळेच्या ऑफिसबाहेर दोन प्रकारचे पालक दिसतात. काही जण दाखला न्यायला येतात. काही जण नुसतेच रेंगाळतात, गर्दी कमी झाली की जवळ येऊन हळूच विचारतात, "सर, पोराला अमक्या कंपनीत लावतोय. कंपनी कशी हाय?" खारबाव, पायगाव, कामण या पट्ट्यात हा प्रश्न नवा नाही. एका बाजूला भिवंडीचे यंत्रमाग आणि सायझिंग, दुसऱ्या बाजूला काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडे, वळ, माणकोली इथली गोदामं. पूर्वी जिथे भातशेती होती तिथे आता पत्र्याची छपरं आहेत. आमची मुलं शिकता शिकता किंवा शिक्षण सोडून तिथेच जातात.

या प्रश्नाला मी बरीच वर्षं एकच उत्तर देत आलो. "पगार वेळेवर होतो का बघा, पीएफ कापतात का बघा, बस येते का बघा." उत्तर चुकीचं नव्हतं. ते अपुरं होतं, हे मला एका माजी विद्यार्थ्यामुळे कळलं.

हा मुलगा बारावीनंतर एका गोदामात पिकिंगच्या कामाला लागला. पगार ठीक, पीएफ होता, फाट्यावर बस यायची. अकराव्या दिवशी त्याने काम सोडलं. बाप भडकला. महिनाभर घरात "कामचोर" हाच शब्द. मलाही मुलगा बाजारात भेटला तेव्हा मी मास्तरकी केलीच, "अरे, थोडं सहन करायला शीक." तो काहीच बोलला नाही. पुढे बऱ्याच महिन्यांनी त्याच्या मित्राकडून समजलं. त्या ठिकाणी शिफ्ट सुटायच्या आधी सगळ्यांना रांगेत उभं करून, ज्यांचं टार्गेट अपुरं राहिलं त्यांची नावं माइकवर वाचायचे आणि प्रत्येकाने माइकवर कारण सांगायचं. हा मुलगा बोलताना अडखळतो. शाळेत प्रकट वाचनाच्या वेळी मी स्वतः त्याला सूट दिलेली होती, म्हणजे मला हे माहीत होतं. तरी मी विचारलं नाही.

पगार, पीएफ, बस या तिन्ही कसोट्यांवर ती कंपनी पास झाली असती. जे बघायला हवं होतं ते आमच्या यादीतच नव्हतं. म्हणून गेल्या वर्षी अकरावी-बारावीच्या मुलांना घेऊन एक प्रकल्प केला. बारावीच्या मराठीत मुलाखत आणि अहवाल हे घटक आहेतच, त्यांच्या निमित्ताने. विषय होता, कामाच्या ठिकाणची संस्कृती आत न जाता कशी समजून घ्यायची?

आधी मुळात 'संस्कृती' म्हणजे काय

'कार्यसंस्कृती' हा शब्द ऐकला की मुलांना भाषण आठवतं. म्हणून सुरुवात शाळेपासूनच केली. एडगर शाइन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९८५ मध्ये आपल्या पुस्तकात संस्थेच्या संस्कृतीचे तीन थर सांगितले. डोळ्यांना दिसतं ते, संस्था स्वतःबद्दल सांगते ते, आणि सगळे न बोलता गृहीत धरतात ते. आपल्या शाळेत भिंतीवर सुविचार आहे, हा झाला दुसरा थर. पण नवा शिक्षक आला की स्टाफरूममधल्या कोणत्या खुर्चीत बसायचं नाही हे त्याला आठ दिवसांत कळतं आणि ते कुठेही लिहिलेलं नसतं. तो तिसरा थर. मुलं हसली. मग एकीने विचारलं, "सर, ती खुर्ची कोणाची?" उत्तर दिलं नाही.

मुद्दा पोचला. कंपनीची वेबसाइट, भरतीची पत्रकं, गेटवरचा 'सुरक्षा प्रथम' असा फलक हे सगळं दुसऱ्या थरातलं. आपल्याला तिसऱ्यापर्यंत पोचायचंय आणि वाट पहिल्या थरातून जाते.

चहाच्या टपरीवरची वीस मिनिटं

पहिला अभ्यास सोपा होता. शिफ्ट सुटायच्या वेळी गेटसमोरच्या रस्त्यापलीकडे टपरीवर चहा घेत बसायचं आणि बघायचं. फोटो नाही, व्हिडिओ नाही, आत जायचं नाही, कोणी विचारलं तर खरं सांगायचं. लिहायचं घरी आल्यावर.

शेवटचा नियम आम्ही नंतर घातला. पहिल्या दिवशी एक उत्साही मुलगा वही उघडून गेटसमोर उभा राहिला. वॉचमनने त्याला हटकलं आणि बाहेर येणारी माणसं त्याच्याकडे बघत बघत सरळ रांगेत चालायला लागली! त्यावरून वर्गात शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्याची गोष्ट सांगितली. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या या कारखान्यात १९२४ पासून प्रयोग सुरू झाले. दिव्यांचा प्रकाश वाढवला तर काम वाढतं का, हे बघायचं होतं. प्रकाश वाढवला तरी काम वाढलं आणि कमी केला तरी बऱ्याचदा वाढलं. आपल्याकडे कोणी लक्ष देतंय हे कळलं की माणसाचं वागणं बदलतं, असा अर्थ त्यातून लावला गेला. पुढच्या काळात या निष्कर्षावर पुष्कळ वाद झाले, पण वर्गातल्या तपासणीच्या दिवशी आपली मुलं किती शहाणी वागतात हे आठवलं तर शिक्षकांना वेगळा पुरावा नको.

टपरीवरून मुलांनी काय आणलं? गळ्यातल्या ओळखपत्राच्या फिती दोन रंगांच्या आहेत. एका रंगाची माणसं बाहेर येताना बॅग उघडून दाखवतात, दुसऱ्या रंगाची तशीच निघून जातात. एका ठिकाणी बायका घोळक्याने बाहेर पडतात, हसतात, एकमेकींची वाट बघतात. दुसऱ्या ठिकाणी माणसं एकेकटी, मान खाली घालून थेट रिक्षाकडे. एका मुलीचं टिपण मला फार आवडलं. तिने लिहिलं होतं, "सुपरवायझर बाहेर आला तेव्हा टपरीवरचे सगळे गप्प झाले. दुसऱ्या कंपनीच्या टपरीवर सुपरवायझरलाच चहाचे पैसे द्यायला लावले."

मुलांना लगेच निकाल द्यायची घाई. एका संध्याकाळवरून काही ठरत नाही, हे सांगावं लागलं. पगाराच्या दिवशी सगळीकडेच हसणं असतं. म्हणून प्रत्येक गटाने तीन वेगवेगळे वार निवडले.

केळ्याची वेळ

या विषयावरचा माझा सगळ्यात आवडता अभ्यास डोनाल्ड रॉय या समाजशास्त्रज्ञाचा आहे. तो स्वतः एका कारखान्यात मशीनवर कामाला राहिला. दिवसभर तेच ते, डोकं बधिर करणारं काम, खोलीत मोजकी माणसं. त्याला दिसलं की दिवसाचे तुकडे घड्याळाने पडत नाहीत, खाण्यापिण्याने आणि थट्टेने पडतात. एक जण रोज डब्यात केळं आणायचा, दुसरा ते रोज चोरायचा आणि 'केळ्याची वेळ!' असं ओरडून खायचा. केळं आणणाऱ्याला ते कधीच मिळायचं नाही, तरी तो आणतच राहायचा. पीचची वेळ, खिडकीची वेळ, कोकची वेळ अशा बाकीच्याही वेळा होत्या. एकदा थट्टा जिव्हारी लागली, भांडण झालं आणि या सगळ्या वेळा बंद पडल्या. मशीनं तीच, पण दिवस संपेना. १९५९-६० मध्ये त्याने हे लिहून प्रसिद्ध केलं. आजही ते वाचलं जातं.

मी मुलांना म्हटलं, घरी विचारा, तुमच्या आई-वडिलांच्या कामावर 'केळ्याची वेळ' कोणती? दुसऱ्या दिवशी वर्गात नुसता गोंगाट. एकाच्या काकांच्या लूमवर रात्री ठरावीक वेळी एक जण गाणं लावतो आणि माग चालू असताना ऐकू येत नाही तरी सगळे मान डोलावतात. एकीची आई पॅकिंगला आहे. तिच्या लाइनमधल्या बायका दुपारी चारला एकीच्या डब्यातली चटणी सगळ्यांच्या तळहातावर देतात. पाच मिनिटांचं काम. नवीन सुपरवायझर आला, त्याने ते बंद केलं. "मग?" मी विचारलं. "मग त्या महिन्यात दोघी सोडून गेल्या. आई म्हणते पगारासाठी नाही गेल्या."

प्रश्न कसा विचारायचा

इथे आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला. मुलाखत म्हटलं की मुलं पाठ्यपुस्तकी प्रश्न काढतात. "आपल्या कंपनीतील वातावरण कसे आहे?" याचं उत्तर एकच येतं, "बरंय." वडील मुलाला आणखी काय सांगणार?

हॉथॉर्नमध्येही हेच झालं होतं. १९२८ पासून तिथे सुमारे २१ हजार कामगारांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. सुरुवातीला ठरलेले प्रश्न विचारायचे. पण माणसं त्या प्रश्नांना थोडक्यात उत्तर देऊन आपल्याला हवं तेच बोलत राहायची. मग पद्धतच बदलली. ज्याला जे बोलायचंय ते बोलू द्यायचं, मध्ये तोडायचं नाही, उपदेश करायचा नाही. अर्ध्या तासाची मुलाखत तास-दीड तासावर गेली. उपदेश करायचा नाही, हे वाक्य मी फळ्यावर लिहिलं तेव्हा मला बाजारातली ती भेट आठवली.

दुसरी पद्धत जॉन फ्लॅनगन या मानसशास्त्रज्ञाची. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांवर काम करताना ती घडली आणि १९५४ मध्ये त्याने ती सविस्तर मांडली. मत विचारू नका, घडलेला एक ठरावीक प्रसंग विचारा. मग आम्ही फळ्यावर प्रश्न फिरवायला घेतले. 'साहेब चांगले आहेत का?' याचं झालं, 'शेवटची चूक झाली तेव्हा साहेब पहिलं वाक्य काय बोलले?' 'सुट्टी मिळते का?' याचं झालं, 'मागच्या वेळी ताप आला तेव्हा फोन कोणाला केला, तिकडून काय उत्तर आलं?' 'प्रशिक्षण देतात का?' याऐवजी 'पहिल्या दिवशी काम कोणी दाखवलं, किती वेळ दाखवलं?' आणि एका मुलाने स्वतः काढलेला प्रश्न असा, 'काम सोडून गेलेल्या माणसाबद्दल मागे काय बोलतात?'

यातून आलेली उत्तरं मी इथे देत नाही. ती घरांची आहेत. वर्गातसुद्धा कंपन्यांना नावं नव्हती, क, ख, ग अशी अक्षरं होती. वह्या वर्गातल्या कपाटात राहिल्या. एका वडिलांनी स्पष्ट सांगितलं, "सर, माझं काय लिहू नका, उद्या गेटवर अडवतील." त्यांचं काहीच लिहिलं नाही. हा प्रकल्प कोणी शिक्षक करणार असाल तर ही काळजी पहिली घ्या, बाकीचं नंतर.

शब्द गोळा करणे

भाषेच्या शिक्षकाला हे फार सोपं आहे. कामावर वापरले जाणारे शब्द जमवायचे आणि त्यांचा तिथला अर्थ लिहायचा. शब्दकोशातला नको. 'सुट्टी' म्हणजे माल आला नाही म्हणून घरी पाठवणं, पैसे नाहीत. 'ॲडजस्ट कर' म्हणजे जादा थांब. 'आपली माणसं' आणि 'लेबर' हे एकाच वाक्यात आले तर कोण कोण ते तपासा. 'ब्रेक' म्हणजे चहाची सुट्टी असं मुलांना वाटलं होतं. पालकांनी सांगितलं, ब्रेक म्हणजे काही महिने झाले की कामावरून कमी करणं आणि परत नव्याने घेणं, म्हणजे माणूस कायम होत नाही. हा अर्थ तासिका तत्त्वावरच्या आम्हा शिक्षकांना समजावून सांगावा लागत नाही!

टिकल्यांचा नकाशा

कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणारे लोक एक साधन वापरतात, शरीराचा नकाशा. मोठ्या कागदावर माणसाची बाह्यरेषा काढायची, समोरून आणि मागून, आणि जिथे दुखतं तिथे खूण करायची. आम्ही खाकी कागद घेतला, एका मुलाला त्यावर झोपवून पेन्सिल फिरवली आणि पालकसभेच्या दिवशी व्हरांड्यात टांगला. शेजारी टिकल्यांची पाकिटं ठेवली. लूमवाल्यांसाठी लाल, गोदामवाल्यांसाठी हिरवी, घरी धागे कापणाऱ्या-घडी करणाऱ्या बायकांसाठी निळी. नाव लिहायचं नाही.

आधी कोणी पुढे येईना. मग एका आजींनी निळी टिकली मानेवर लावली आणि दुसरी डोळ्यावर. सभा संपेपर्यंत कागद भरला. लाल टिकल्या कानांवर आणि छातीवर. हिरव्या कमरेवर, गुडघ्यांवर, टाचांवर. एका हिरव्या टिकलीची जागा ओटीपोटावर होती आणि त्याबद्दल एका आईने आमच्या बाईंना बाजूला घेऊन सांगितलं की शौचालय लांब आहे, जायला विचारावं लागतं, म्हणून त्या दुपारनंतर पाणीच पीत नाहीत. कुठल्याही प्रश्नावलीत हे आलं नसतं. मुलं त्या कागदासमोर गप्प उभी होती. बऱ्याच जणांनी आपल्या वडिलांना टिकली लावताना पहिल्यांदाच पाहिलं.

कागद आणि फलक

आता थोडं कोरडं, पण उपयोगाचं. दहा किंवा जास्त माणसं काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असावी लागते आणि ती नेमल्याचा आदेश सगळ्यांना दिसेल असा लावावा लागतो, हे २०१३च्या कायद्यात आहे. मुलीला कामाला पाठवताना पालकांनी विचारायचं एवढंच, "समितीचा कागद कुठे लावलाय?" उत्तराआधीचा चेहरा बघा.

पीएफ कापतात हे पुरेसं नाही, जमा होतो का ते बघा. मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के कामगाराचे कापले जातात, तेवढाच वाटा मालकाचा. यूएएन क्रमांक असेल तर उमंग ॲपवर पासबुक दिसतं. मध्येच महिने रिकामे असतील तर ती कंपनी शब्द कसा पाळते ते तिथेच कळतं. मुलांनी घरोघरी पासबुकं उघडून दिली. या एका कामासाठी पालकांनी माझे सर्वाधिक आभार मानले.

कंपनी स्वतःबद्दल लिहिते तेही वाचायला शिकवावं. किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघू लागलं ते मुळात कारखान्याचं गृहपत्र म्हणून. पुढे त्याचं 'किर्लोस्कर' मासिक झालं आणि महाराष्ट्राने ते घराघरांत वाचलं. माळरानावर गाव वसवणारा मालक आपल्या माणसांना काय सांगू बघतो, हे अशा पत्रातून कळतं. काय सांगत नाही तेही कळतं. आजच्या कंपन्यांच्या फेसबुक पानांवरचे वाढदिवसाचे फोटो बघा. केक कोण कापतंय आणि मागे उभं कोण आहे? आणि कोणाचा वाढदिवस कधीच नसतो?

उलट बाजूचे कागद म्हणजे मागणीपत्रं. नारायण मेघाजी लोखंडे गिरणीतच नोकरीला होते, आतून बघितलेला माणूस. १८८४ मध्ये त्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांनी निवेदन दिलं, त्यावर साडेपाच हजार सह्या होत्या. मागण्या काय? आठवड्याला एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार, जखमी झाल्यास भरपाई. मुलांना म्हटलं, ही यादी उलटी वाचा. लगेच १८८४ची गिरणी डोळ्यांसमोर उभी राहिली. सुट्टी नाही, जेवायला वेळ नाही, पगाराचा पत्ता नाही. रविवारची सुट्टी १० जून १८९० पासून मिळाली. ती ज्या शिक्षकांना आयती मिळते त्यांच्यात मीही आहे.

जेवण वाढणाऱ्या बायका

गिरणगावात कुठल्या गिरणीत काय चाललंय हे खानावळवाल्या बायकांना कळायचंच, कारण गिरणी कामगार उधारीवर जेवायचे. पगार थकला की पहिला फटका त्यांना. अशाच बायकांना घेऊन प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. भिवंडीत लूमवाल्यांसाठी भिशी असते, तीही अशीच जागा. एका गटाने भिशी चालवणाऱ्या मावशींना विचारलं, कुठली कंपनी चांगली? त्यांनी नाव घेतलं नाही. म्हणाल्या, "ज्याचा माणूस जेवताना घड्याळ बघत नाय, ती."

एकाच छपराखाली दोन कंपन्या

एक गंमत, खरं तर गंमत नव्हे. 'ख' या गोदामाबद्दल दोन मुलांचे अहवाल अगदी उलट आले. एक म्हणाला उत्तम, एक म्हणाली वाईट. दोघांत वादावादी. शेवटी लक्षात आलं की मुलाचे वडील कंपनीच्या थेट नोंदणीवर आहेत, मुलीची आई ठेकेदाराकडून. फितीचे ते दोन रंग! कंपनी कशी आहे, हा प्रश्नच अर्धवट होता. कोणासाठी कशी, हे विचारायला हवं होतं. तेव्हापासून पालकांना मी उलट विचारतो, "मुलाला कोण घेतंय, कंपनी की ठेकेदार? त्याच ठेकेदाराकडचा कोणी माणूस ओळखीचा आहे का? आधी त्याच्याशी बोला."

प्रकल्पाच्या शेवटच्या तासाला त्या माजी विद्यार्थ्याला बोलावलं. तो आता दुसरीकडे आहे, आणि तिथे लागण्याआधी दोन संध्याकाळी गेटबाहेर उभा राहून आला होता. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. मी वर्गासमोर त्याची माफी मागितली, त्याला अवघडल्यासारखं झालं. बोलायचा आग्रह केला नाही. त्याने खडू घेऊन फळ्यावर लिहिलं, 'सुटायच्या आधीची पंधरा मिनिटं आत काय ऐकू येतं?' मुलांनी उतरवून घेतलं.

वडील सोबत आले होते, दारातल्या बाकावर बसून सगळं ऐकत होते. निघताना चपला घालता घालता त्याला म्हणाले, "हे तवाच का नाय बोललास?"

तो म्हणाला, "तू पगाराचंच इचारलंस, बाबा."